फिनलंडला स्कीइंगसाठी जावे का?

(गणेशोत्सवातील सायंकाळच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय मी निवडलेला नाही, तो तुम्हीच माझ्यावर सोपवला आहे. कंपनीच्या कामासाठी मी फिनलंडमधल्या औलू या गावी दोन हिवाळे काढले. तेव्हापासून वर्षातून चार-पाच जण तरी विचारतात, "आम्ही फिनलंडला जायचं म्हणतोय, मुलांना स्कीइंग करायचंय, जावं का हो?" जिन्यात उभ्या उभ्या याचे उत्तर देता येत नाही. चार माणसांच्या कुटुंबाने हिवाळ्यात युरोपला जायचे म्हणजे काही लाखांचा खर्च. कोणाच्या घराचे हप्ते चालू असतात, कोणी मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या पैशांना हात लावणार असतो. म्हणून आज सविस्तर सांगतो.

उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे ज्यांना प्रसादाच्या तयारीला जायचे आहे ते जाऊ शकतील. उंच डोंगरावरून सुसाट खाली यायचे असेल, तर फिनलंडला जाऊ नका. बर्फावर चालायला शिकायचे असेल, तर जरूर जा, पण डिसेंबरात नव्हे, मार्चमध्ये जा. आता या दोन वाक्यांचा अर्थ सांगतो.

फिनलंड क्षेत्रफळाने महाराष्ट्रापेक्षा थोडा मोठा आहे. लोकसंख्या मात्र साधारण ५६ लाख, म्हणजे आपल्या या बंगळूरच्या निम्मीही नाही. देशाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग जंगलाचा, आणि लहानमोठी तळी धरली तर ती जवळजवळ १ लाख ८८ हजार. डोंगर मात्र नावालाच. देशातले सर्वांत उंच ठिकाण म्हणजे नॉर्वेच्या सीमेवरचे हाल्ती, उंची १,३२४ मीटर. सिंहगड साधारण तेवढाच आहे आणि आपले कळसूबाई १,६४६ मीटर! स्कीइंगसाठी प्रसिद्ध असलेल्या यिल्लास या टेकडीचा माथा ७१८ मीटरवर आहे. आपण आत्ता ज्या मांडवात बसलो आहोत तो समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर आहे. म्हणजे फिनलंडच्या नामांकित स्की-टेकडीच्या माथ्यापेक्षाही आपण वरच बसलो आहोत!

यात फिनलंडला कमी लेखण्याचा हेतू नाही. तिथले डोंगर फार म्हातारे आहेत. उत्तरेकडच्या लाप्लँड प्रांतातल्या काही टेकड्यांचा खडक जवळजवळ दोन अब्ज वर्षांचा आहे. काळाने आणि हिमयुगातल्या बर्फाच्या जाड थराने घासून घासून त्यांचे गोल, बोडक्या माथ्याचे उंचवटे उरले. फिन्निश भाषेत त्यांना 'तुंतुरी' म्हणतात.

उतारावरच्या स्कीइंगमध्ये महत्त्व असते ते वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत किती उतरता येते याला. यिल्लासला हा उतार ४६३ मीटरचा आहे आणि तो देशातला सर्वांत मोठा. लेवीला ३२५ मीटर, रुकाला सुमारे २०० मीटर. लेवीला दर नोव्हेंबरात जागतिक चषकाची स्लॅलम शर्यत होते आणि जिंकणाऱ्याला चक्क एक रेनडिअर बक्षीस मिळतो. पण शर्यतीसाठी उत्तम असलेला उतार हौशी माणसासाठी दोन-तीन मिनिटांत संपतो. वर जायला लिफ्ट, खाली यायला दोन मिनिटे, पुन्हा लिफ्ट. आल्प्समध्ये शामोनी किंवा झेरमाटला हाच उतार दोन हजार मीटरपर्यंत जातो.

तितके लांब कशाला, आपल्याच देशात पाहा. गुलमर्गचा गोंडोला सुमारे २,६५० मीटरवरून निघतो आणि अफरवतच्या खांद्यावर जवळजवळ ३,९५० मीटरला पोचवतो. म्हणजे सुमारे १,३०० मीटरचा उतार, लेवीच्या चौपट! त्याच भागातला आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता आणि जायंट स्लॅलममध्ये ४५ वा आला. उतारावरची मजाच हवी असेल तर व्हिसा न काढता, रुपयांत खर्च करून गुलमर्ग किंवा औली गाठा. तीच शिकवणी, तोच बर्फ, आणि डोंगर कितीतरी मोठा.

मग फिनलंडला जायचे कशासाठी?

फिन्निश लोक ज्याला 'हिइहतो' म्हणतात तो मुळात उतारावरचा खेळ नव्हेच. ते सपाटीवरून, जंगलातून, गोठलेल्या तळ्यावरून केलेले चालणे आहे. फिनलंड आणि स्वीडनच्या दलदलींत चार-पाच हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी स्की सापडल्या आहेत. तेव्हा कोणी पदकासाठी स्कीइंग करत नव्हते. शिकारीला जायचे, शेजारच्या वस्तीवर जायचे, तर कंबरभर बर्फातून दुसरा मार्ग नव्हता. आपल्याकडे कोकणात होडी होती, त्यांच्याकडे स्की होती.

या चालण्यावर एकदा देशाचे अस्तित्व टिकले आहे. ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत रशियाने फिनलंडवर हल्ला केला. फौज अवाढव्य, रणगाडे हजारोंनी. सुओमुस्साल्मी भागात राते नावाच्या एका अरुंद रस्त्यावरून रशियन तुकड्यांची लांबच लांब रांग आत शिरली आणि दोन्ही बाजूंच्या बर्फामुळे रस्ता सोडू शकेना. पांढरे झगे घातलेले फिन्निश सैनिक जंगलातून स्कीवरून आवाज न करता यायचे, रांगेचे तुकडे पाडायचे आणि परत जंगलात नाहीसे व्हायचे. गनिमी कावा कशाला म्हणतात हे महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगायला नको. १०५ दिवसांनी, १३ मार्च १९४० ला युद्ध थांबले. देशाचा सुमारे एक-दशांश भाग गेला, पण स्वातंत्र्य राहिले. आजही फिन्निश माणूस स्कीबद्दल बोलताना जरा गंभीर होतो, त्याचे एक कारण हे आहे.

गंभीर म्हणजे किती, त्याची दोन उदाहरणे देतो. १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये १५ किलोमीटरच्या शर्यतीत युहा मिएतो या धिप्पाड फिन्निश खेळाडूचे सुवर्णपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. ही गोष्ट तिथे आजही घरोघरी सांगतात. दुसरे उदाहरण लाजेचे. २००१ साली लाहती इथल्या जागतिक स्पर्धेत यजमान देशाचेच सहा स्कीपटू उत्तेजकांच्या चाचणीत सापडले. आपल्याकडे क्रिकेटमधल्या मॅच-फिक्सिंगने जे वाटले होते, तसेच तिथे राष्ट्रीय सुतक पडले.

पण खरी गोष्ट पदकांची नाही. औलूला मी पाहिले ते असे. संध्याकाळी पाच वाजता ऑफिस सुटते, बाहेर अंधार, उणे बारा तापमान, आणि माणसे गाडीतून स्की काढून जंगलात शिरतात. गावोगावी जंगलातून 'लातू' काढलेले असतात. लातू म्हणजे यंत्राने बर्फ दाबून त्यात पाडलेल्या दोन समांतर खाचा, जणू रेल्वेचे रूळच. बऱ्याच लातूंवर रस्त्यासारखे दिवे असतात. त्यावर सत्तरीच्या आजीबाई जातात, चार वर्षांची पोरे जातात, गरोदर बायकाही हळूहळू जाताना दिसतात. कोणी कोणाशी शर्यत लावत नाही. आपल्याकडे सकाळी लालबागेत किंवा कब्बन पार्कात फिरायला जातात, तसेच हे.

आणि हे चालणे शिकता येते, मग वय तीस असो वा साठ. त्यामागची युक्ती इतकी साधी आहे की ती इथेच सांगतो. ही स्की अरुंद, हलकी आणि मधोमध किंचित कमानदार असते. बूट फक्त चवड्याशी अडकवलेला, टाच मोकळी. दोन्ही पायांवर सारखा भार दिला तर कमान वर राहते आणि स्की घसरते. सगळा भार एका पायावर टाकला की कमान दबते, मधला भाग बर्फाला टेकतो. त्या मधल्या भागाला पकडीचे मेण लावलेले असते किंवा केसाळ पट्टी चिकटवलेली असते, ती बर्फ धरते आणि तुम्ही पुढे ढकलले जाता. म्हणजे एका पायाने रेटा, दुसऱ्याने घसरा. हात उलटे, चालताना असतात तसे. नवख्याने केसाळ पट्टीची स्कीच भाड्याने मागावी, मेणाची कटकट राहत नाही. उतार आला तर गुडघे वाकवायचे, स्कीची पुढची टोके जवळ आणि मागची लांब न्यायची. फिन्निशमध्ये या क्रियेला नांगरणेच म्हणतात. पडायची वेळ आली तर बाजूला, बुडावर पडावे, हात टेकवू नयेत. मी पहिल्या दिवशी अकरा वेळा पडलो, बर्फ मऊ होता, आणि चौथ्या दिवशी तीन किलोमीटर सलग गेलो. सह्याद्रीत चार-दोन ट्रेक केलेल्या माणसाला एवढा दम असतोच.

इथेच फिनलंडचे सपाट असणे उपयोगी पडते. लाप्लँडमधली ही गावे समुद्रसपाटीपासून दोन-अडीचशे मीटरवर आहेत. गुलमर्गला पायथ्यालाच २,६५० मीटर, तिथे ज्येष्ठांना धाप लागते, रक्तदाबवाल्यांना डॉक्टर सांभाळून राहायला सांगतात. लेवीला विरळ हवेचा त्रास नाही. खोल दरी नाही. यिल्लासच्या परिसरात सुमारे ३३० किलोमीटरचे लातू आहेत, बहुतेक ठिकाणी त्यांना तिकीट नाही. उतारावरच्या लिफ्टचा एका दिवसाचा पास मात्र पन्नास युरोच्या पुढे जातो. म्हणजे जे फिनलंडमध्ये बेताचे आहे ते महाग आहे, आणि जे उत्तम आहे ते जवळजवळ फुकट. आपले पर्यटक नेमके महाग ते घेतात आणि फुकट ते सोडून येतात.

आता डिसेंबर का नको ते ऐका. सहलीच्या जाहिरातीत सांताक्लॉजचे गाव, कुत्र्यांची गाडी, उत्तर ध्रुवीय प्रकाश, आणि त्याला जोडून अर्धा दिवस स्कीइंग असते. ही सगळी नाताळच्या सुट्टीतली. त्या दिवसांत लेवीला काही आठवडे सूर्य क्षितिजावर येतच नाही. दुपारी थोडा वेळ निळसर उजेड, बाकी रात्र. याला तिथे 'कामोस' म्हणतात. तो पाहण्यासारखा आहे हे मान्य, पण उणे वीस-पंचवीसमध्ये, अंधारात, पहिल्यांदा पायाला स्की बांधलेले आपले मूल अर्ध्या तासात रडू लागते आणि कुटुंबाचा निष्कर्ष ठरतो, "हे आपलं काम नव्हे." दर नाताळाला दरही चढलेले असतात.

त्याउलट मार्चचा दुसरा पंधरवडा बघा. दिवस बारा-तेरा तासांचा, ऊन लख्ख, तापमान दिवसा बहुधा शून्याच्या थोडे खाली, आणि बर्फ वर्षातला सर्वांत जास्त. रात्री थंडी, दिवसा ऊन, यामुळे बर्फावर कडक साय धरते आणि सकाळी तर लातू सोडून थेट तळ्यावरून जाता येते. या सायीला तिथे 'हांकिकांतो' असा खास शब्द आहे. रात्री पुरेसा अंधार असल्याने ध्रुवीय प्रकाशही दिसू शकतो. फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा पहिला आठवडा टाळा, तेव्हा तिथल्या शाळांना प्रांताप्रांताने आठवडाभर 'स्कीची सुट्टी' असते. ईस्टरलाही गर्दी होते. आपल्याकडच्या शाळांच्या परीक्षा मार्चमध्येच येतात ही अडचण खरी. त्यावर माझे म्हणणे असे, की मुलांची परीक्षा लवकर संपणाऱ्या वर्षी जा, किंवा मुले मोठी झाल्यावर दोघेच जा. त्या वयात हा प्रवास जास्तच मानवेल.

जायचे कसे? हेलसिंकीहून किट्टिलाला विमानाने दीड तास, तिथून लेवी अगदी जवळ. माझी शिफारस रात्रीच्या गाडीची. हेलसिंकीहून संध्याकाळी बसायचे, सकाळी कोलारीला उतरायचे. हे फिनलंडमधले सर्वांत उत्तरेचे रेल्वेस्टेशन. तिथून बसने यिल्लास किंवा लेवी. खिडकीतून जंगल आणि बर्फ बघत जाण्यात निम्मी सहल होते.

व्हिसा शेनगेनचा. त्यासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतोच, पण त्या विम्यात स्कीइंगची दुखापत धरली आहे का हे लेखी विचारून घ्या. पुष्कळ स्वस्त पॉलिसींत हिवाळी खेळ वगळलेले असतात, आणि तिथे पाय मोडला तर सहलीच्या खर्चापेक्षा प्लास्टर महाग पडेल. कपड्यांत सुती बनियन घालू नका, घाम धरून ठेवते आणि मग गारठवते. आत लोकरीचे, मध्ये उबदार, वर वारा अडवणारे, असे तीन थर. गॉगल हवाच. दमा असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये, थंड हवेत श्वास जोराने घ्यावा लागतो. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनीही तेच. आणि लातूवरून पायी चालू नका. खाचा मोडतात, आणि एरवी मितभाषी असलेला फिन्निश माणूस त्यासाठी मात्र तोंड उघडतो.

शाकाहाऱ्यांचे काय, हा प्रश्न येणारच. मांस-मासळीचा देश आहे, गुरुवारचे वाटाण्याचे सूपसुद्धा बहुधा डुकराच्या मांसाचे असते, विचारून घ्यावे. पण लातूच्या कडेला जंगलात छोटी कॉफीघरे असतात, तिथे गरम बेरीचे सरबत आणि दालचिनीचा पाव मिळतो. आणि कारेलियन पिराक्का जरूर खा. राईच्या पिठाची पातळ पारी, आत दुधात शिजवलेला भात, आणि कडा हाताने चिमटून घातलेल्या कळ्या. माझी पत्नी पहिल्यांदा बघून म्हणाली, "यांना मोदक वळायला शिकवलं तर आठवड्यात शिकतील." स्कीवरून आल्यावर सौना आहेच. ५६ लाख लोकांच्या देशात सुमारे ३० लाख सौना आहेत, यावरून काय ते समजा.

शेवटी एक गोष्ट सांगायला हवी, कारण 'पुढच्या पाच-दहा वर्षांत कधीतरी जाऊ' असे म्हणणारे बरेच आहेत. बर्फ कमी होतो आहे. २०२० च्या जानेवारी-फेब्रुवारीत दक्षिण फिनलंडमध्ये, हेलसिंकीसह, जवळजवळ बर्फच नव्हता. वुओकात्तीला १९९७ सालापासून सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबीचा स्कीचा बोगदा आहे, उन्हाळ्यातही आत बर्फ असतो. लेवी-रुकाला तर सरत्या हिवाळ्यातला बर्फ उन्हाळाभर झाकून ठेवतात आणि शरद ऋतूत पसरतात, आपण बेगमीचे धान्य ठेवतो तसे. आपल्याकडेही २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग कोरडे पडले होते. लाप्लँडला अजून सहा महिने भरवशाचा बर्फ असतो. पण दक्षिणेतल्या गावांत एक पिढी अशी वाढते आहे जिच्या आजोबांनी शाळेत जाताना स्की वापरली आणि नातवाला ती यंत्राने केलेल्या बर्फावर शिकावी लागते. ज्या देशाची ओळखच या चालण्यात आहे, त्याचे काय होईल, हा प्रश्न तिथले लोक दर हिवाळ्यात एकमेकांना विचारतात.

आपण मराठी माणसे चालणारी आहोत. आळंदीहून पंढरपूरला अडीचशे किलोमीटर चालत जाणारी वारी आपली. फिनलंडमध्येही दर मार्चमध्ये रशियाच्या सीमेपासून स्वीडनच्या सीमेपर्यंत चारशेहून अधिक किलोमीटर स्कीवरून जाण्याचा उपक्रम १९८४ पासून आहे. सात दिवस लागतात, कोणी पहिला येत नाही, कोणी शेवटचा येत नाही. आपल्याला तेवढे जायचे नाही. पण ज्या लोकांना ही गोष्ट करावीशी वाटते त्यांच्याबरोबर तीन किलोमीटर चालून येण्यासाठी तो देश पाहावा, असे मला मनापासून वाटते. टेकडीवरून घसरायचे असेल तर काश्मीर आहेच.

कोणाला बेत आखायचा असेल तर विसर्जनानंतर माझ्याकडे या, कागद-पेन्सिल घेऊन बसू. आता आरतीची वेळ झाली, मी थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!